जिताडा आणि त्याचा चुलतभाऊ

मोठ्या माशाने लहान माशास गिळावे ह्याचा आपल्या शास्त्रकारांना इतका उबग आला की, अराजकास त्यांनी नावच 'मात्स्यन्याय' असे देऊन टाकले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द आहे, आणि दंडधर नसेल तर बलवान दुर्बळास खाऊन टाकतो, एवढाच त्याचा तेथील आशय. राज्यशास्त्रापुरते हे ठीकच आहे. परंतु प्राणिशास्त्र शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे माशांच्या बाजूनेही कोणीतरी चार शब्द बोलावेत, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आहे. पाण्यात राजा नसेल, पण दंड नसतो असे नाही. तो खाऱ्या-गोड्या पाण्याचा असतो, भरती-ओहोटीचा असतो, ऋतूचा असतो. हा दंड जेथे चालतो तेथे मोठा मासा लहान माशास हजारो वर्षे खात राहतो, आणि तरीही लहान मासे संपत नाहीत. जेथे तो चालेनासा होतो तेथे काय घडते, हे एकाच कुळातील दोन माशांच्या चरित्रांवरून फार चांगले कळते. त्यांपैकी एक आमच्या दारच्या तळ्यात आहे, दुसरा आफ्रिकेत.

ह्या लेखास निमित्त झाले आमच्या पुतण्याचे. तो नोकरीनिमित्त युगांडात, कंपाला येथे असतो. गेल्या फाल्गुनात त्याने फोनवरून एक छायाचित्र धाडले. बाजारातील ओट्यावर दोन हात लांबीचा रुपेरी मासा पसरलेला, आणि खाली लिहिलेले, "काकू, इकडेही आपला जिताडा मिळतो!" मुलाचे बालपण पेणच्या खारेपाटात गेलेले, त्याची नजर काही वाईट नव्हती. तेच डोक्यावरून खोलगट उतरत आलेले कपाळ, तीच पुढे आलेली खालची हनुवटी, तोच डोळ्याच्याही मागे पोचणारा जबडा, पाठीवरचा मध्येच खाच पडून दुभंगल्यासारखा दिसणारा तोच पर, आणि तीच गोलसर शेपटी. डोळा मात्र निराळा. जिताड्याच्या डोळ्यावर उजेड पडला की तो गुलाबी निखाऱ्यासारखा चमकतो. छायाचित्रातल्या माशाच्या काळ्या डोळ्याभोवती पिवळे कडे होते. हा नाईल नदीचा मासा. केनियातील लुओ लोक त्यास 'म्बुता' म्हणतात; टांझानियात तो 'सांगारा' होतो. शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच गोत्रात बसविले आहे. 'लेटीस' हे त्या गोत्राचे नाव. आपला तो लेटीस कॅल्कॅरिफर आणि तिकडचा लेटीस निलोटिकस. म्हणजे सगोत्र खरे, पण प्रवर वेगळे. आणि ह्या दोघांच्या बाबतीत प्रवराला फार महत्त्व आहे.

आमच्या घरात मासा शिजत नाही. तेव्हा ब्राह्मणाच्या बाईला माशांची एवढी उठाठेव कशाला, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु खारेपाटात घर असले म्हणजे दारात तळे असते, आणि तळे असले म्हणजे त्यात जिताडा असतो. घरधन्याच्या पानात काय वाढतात, हा प्रश्न तळे विचारीत नाही. आमचे तळे शेजारच्या एका आगरी कुटुंबाकडे तीन पिढ्या मक्त्याने आहे. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा सासूबाई तुळशीला पाणी घालीत आणि पलीकडे तळ्यात 'धप्प' असा आवाज होई. "जिताड्याने काहीतरी धरले," असे त्या न पाहताच सांगत. पुढे मी तो आवाज समजावून घेतला. जिताडा दातांनी लचके तोडीत नाही. तो दबा धरून स्थिर राहतो, भक्ष्य टप्प्यात आले की एकदम जबडा उघडतो, आणि त्या पोकळीत पाण्याबरोबर भक्ष्यही ओढले जाते. आवाज त्या उघड-झापीचा.

हा मासा इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत सर्वत्र आहे, आणि जेथे जाईल तेथे त्याचे नाव बदलते. रायगडात जिताडा, गोव्यात चोणक, बंगाल्यात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. कित्येक मराठी गावांत त्यास खजुरा म्हणतात. ब्लॉख नावाच्या जर्मन पंडिताने १७९० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. कॅल्कॅरिफर म्हणजे आरी धारण करणारा. कल्ल्यांवरील झाकणाला खरोखरच अणकुचीदार काटा असतो, आणि नवख्याने तेथे हात घातला तर हात कापल्यावाचून राहत नाही. पूर्ण वाढलेला जिताडा दोन मीटरांपर्यंत लांब व साठ किलोंपर्यंत भरल्याच्या नोंदी आहेत. खारेपाटातल्या तळ्यात तो इतका मोठा होऊ देण्याइतका धीर कोणासच नसतो. दोन-तीन वर्षांत तो बाहेर निघतो. एखाद्या कचेरीत अडकलेले काम पाण्यातल्या ह्या पाहुण्याने सोडविले, अशा गोष्टी त्या भागात हसत हसत सांगतात. त्यांची शहानिशा करण्याचे मला कारण पडलेले नाही.

जिताड्याचे जीवन पाहिले तर त्यात दोन चमत्कार आहेत. पहिला असा की, तो जन्माला येऊन वयात येतो तो नर म्हणून, आणि काही वर्षे नरदशेत काढल्यावर, वयाच्या साधारण सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास, मादी होतो. ज्याने तारुण्यात बाप व्हावे, त्यानेच प्रौढपणी आई व्हावे, अशी ही व्यवस्था. तळ्यातला जिताडा बापपणाच्या वयातच बाजारात जातो. आईपण पाहावयाचे असेल तर खाडीच्या तोंडाशी, समुद्राजवळच जावे लागते. दुसरा चमत्कार म्हणजे त्याचे बाळंतपण. नदीत, तळ्यात, खाडीत कोठेही वाढलेला जिताडा अंडी घालण्याचे वेळी समुद्राच्या दिशेने खाली उतरतो. पावसाळ्याच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेच्या भरत्यांचा धागा धरून, नदीमुखाशी हे घडते. एक मिलिमीटरहूनही लहान असे अंडे. ते तरंगण्यास व जगण्यास पाणी जवळजवळ समुद्राइतके खारे लागते. मोठी मादी लाखोंनी नव्हे, कोट्यवधींनी अंडी सोडते, आणि एका दिवसाच्या आत ती फुटतात. मग ती डोळ्यांस न दिसणारी पिले भरतीबरोबर तिवरांच्या मुळांत, खाजणात, बांधाच्या उघाडीतून आतल्या ओहोळांत येतात. बोटभर झाली की आमचे मक्तेदार ती बारीक जाळ्याने धरतात, खाडीच्या पाण्याने भरलेल्या हंड्यात ठेवतात, व त्यात हळूहळू गोडे पाणी मिसळीत ती तळ्यात सोडतात.

तेथून त्याचे राज्य सुरू होते. भूक अशी की, आपल्या लांबीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश लांबीचे आपलेच भावंड गिळण्यास हा कचरत नाही. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली ह्या माशाचे बंदिस्त जागेत प्रजनन साधले. परंतु अशा प्रजननकेंद्रांत काम करणाऱ्यांची खरी डोकेदुखी अंड्यांची नसते. दर थोड्या दिवसांनी मोठी पिले व लहान पिले वेगळी न केल्यास एका हौदातली शंभर पिले पाहता पाहता थोडकीच उरतात. आमच्या तळ्यात चिलापी आहे. चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो १९५२ साली आणला गेला, आणि आता कोणत्याही डबक्यात हात घातला तर तोच लागतो, कारण गोड्या पाण्यात तो वर्षभर पोरवडा वाढवीत राहतो. जिताडा तो खातो. तळ्यातली चिलापी हाताबाहेर जात नाही ती एवढ्याचमुळे.

आणि इतके सारे करून ह्या तळ्याच्या राजाला वारस नाही. मी तीस-पस्तीस वर्षे पाहते आहे. त्या तळ्यात जिताड्याचे एकही पिलू जन्मलेले नाही, आणि जन्मणारही नाही. समुद्राचे पाणी जेथे नाही तेथे त्याचा पाळणा हलत नाही. खाडीतून नवी पिले आणून सोडली तर पुढचा राजा. न सोडली तर राज्य संपले.

आता चुलतभावाकडे वळू. ह्याचे घराणे प्राचीन. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी एस्ना नावाचे गाव आहे. ग्रीक लोक त्यास लॅटोपोलिस म्हणत, म्हणजे 'लेटीस' माशाचे नगर. तेथे नीथ देवीची उपासना होती व हा मासा तिचा म्हणून पवित्र मानीत. स्ट्रॅबो ह्या ग्रीक भूगोलकाराने तशी नोंद केली आहे. माणसांप्रमाणे ह्या माशांचीही शवे मसाल्याने जपून, कापडात गुंडाळून पुरलेली तेथे विपुल सापडली आहेत. म्हणजे गोत्राचे नाव आमच्या जिताड्यास मिळाले ते इजिप्तच्या देवळातून. हा मासा दोन मीटर लांब व दोनशे किलोंपर्यंत वजनाचा होतो. वजनात आपल्या जिताड्याच्या तिप्पट. नाईल, नायजर, काँगो, सेनेगल ह्या नद्यांत, आल्बर्ट व तुर्काना ह्या सरोवरांत तो अनादी काळापासून आहे, लहान मासे खात आहे, आणि तेथील लहान मासे संपलेले नाहीत. एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे, कारण पुढे जे घडले ते ऐकून लोक माशालाच राक्षस ठरवितात.

व्हिक्टोरिया सरोवरात मात्र तो कधीच नव्हता. वाटेतील धबधब्यांनी त्यास वर चढू दिले नव्हते. हे सरोवर सुमारे अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरांचे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही मोठे. पण खोली फार तर ऐंशी मीटर. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी ते कोरडे पडले असावे असे तळाच्या गाळावरून अनुमान आहे. पुन्हा भरले तेव्हापासून आजपर्यंतच्या काळात, सृष्टीच्या घड्याळाने पाहू गेल्यास पापणी लवण्याइतक्या अवधीत, तेथे लहान लहान माशांच्या पाचशेंहून अधिक जाती निर्माण झाल्या. म्वांझाकडचे लोक त्यांना 'फुरू' म्हणतात. बोटा-दोन बोटांचे हे मासे. पण कोणी दगडावरचे शेवाळ खरवडणारे, कोणी गोगलगाई फोडणारे, कोणी दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडणारे, आणि कोणी तर दुसऱ्या आईच्या तोंडातली पिले चोरणारे. 'तोंडातली' असे लिहिले ते मुद्दाम. ह्या माशांतील माता थोडकीच अंडी घालतात आणि ती तोंडात धरून वाढवितात. तितके दिवस त्या जवळजवळ उपाशी असतात. एका बाजूस ही मूठभर अंडी, आणि दुसऱ्या बाजूस नाईलच्या माशाची लक्षावधी; सामना कसा होणार हे येथेच ठरले होते.

तेथे हा मासा गेला तो माणसाच्या हातून. १९०५ साली सरोवरात नवी गळजाळी आली, 'ङेगे' नावाचा तेथील आवडता मासा हळूहळू कमी झाला, आणि ब्रिटिश अंमलदारांना वाटू लागले की, ह्या काटेरी फुरूंचा काय उपयोग? त्यांना खाऊन त्यांचे मांस करणारा एखादा मोठा मासा का सोडू नये? जेफ्री फ्रायर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० साली छापून इशारा दिला की, हे करू नका. पण त्याआधीच, १९५४ मध्ये, युगांडाच्या बाजूने मासा गुपचूप पाण्यात पडला होता; १९६२-६३ साली तो उघडपणे सोडण्यात आला. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे विशेष काही झाले नाही. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाची एक मंडळी १९७७ पासून म्वांझाच्या आखातात फुरूंची मोजदाद करीत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत १९८० नंतरच्या पाच-सहा वर्षांत जाळ्यातून फुरू नाहीसे झाले आणि जाळे म्बुताने भरू लागले. सरोवरातील माशांच्या एकूण वजनात पूर्वी चार पंचमांश वाटा फुरूंचा होता. दहा वर्षांत तो नगण्य झाला. सुमारे दोनशे जाती गेल्या असाव्यात असा अंदाज आहे. ज्यांचे नामकरणसुद्धा झाले नव्हते अशा कित्येक त्यांत होत्या.

सारा दोष त्या एका माशाचा म्हणणे न्यायाचे होणार नाही. काठची जंगले तोडली गेली, शेतातील माती व खत पाण्यात उतरले, शेवाळ माजले, तळाचा प्राणवायू घटला. शेवाळ खाणारे फुरू नसल्यामुळे ते आणखीच माजले. शिवाय ह्या माशाने माणसास उपाशी ठेवले असेही नाही. सरोवरातील मासेमारी सुमारे एक लाख टनांवरून १९९० च्या सुमारास पाच लाख टनांच्या घरात गेली, काठावर कारखाने उभे राहिले, आणि त्याचे मांस विमानाने युरोपात जाऊ लागले. पण ह्या भरभराटीतही एक गोष्ट मनास बोचते. मांसाचे काप परदेशी जातात आणि काठच्या गरिबाच्या कढईत डोके व मणका तळला जातो. केनियात त्या सांगाड्यास 'म्गोंगो वाझी' म्हणतात, म्हणजे उघडी पाठ. फुरू उन्हात वाळत असत. ह्या तेलकट माशास धुरी द्यावी लागते, म्हणून त्याच्यापायी झाडेही गेली. पुढे फुरू संपत आले तेव्हा म्बुता कोळंबीसारख्या किड्यांवर व स्वतःच्याच पिलांवर आला. त्याची स्वतःची बेसुमार धरपकड झाल्यावर १९९० नंतर काही फुरू परत दिसू लागले. काठच्या लव्हाळ्यांच्या दलदलीत पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेथे ह्या मोठ्या माशाचा दम टिकत नाही, आणि तेथेच कित्येक लहान मासे तग धरून राहिले.

दोघा भावांची भूक सारखीच आहे, जबडा सारखाच आहे, दबा धरण्याची रीतही एकच. फरक एवढाच की, म्बुताला समुद्र लागत नाही. ज्या गोड्या पाण्यात तो जेवतो तेथेच तो प्रसवतो. त्याला ज्या तळ्यात सोडाल त्या तळ्यात त्याचा वंश राहील.

हा फरक केवळ पुस्तकी नव्हे, हे ऑस्ट्रेलियात प्रत्ययास आले. तेथील क्वीन्सलंड प्रांतात गळाच्या शौकिनांसाठी धरणांच्या जलाशयांत म्बुता सोडावा असा विचार कित्येक वर्षे चालू होता. व्हिक्टोरिया सरोवराची हकीकत कानी आली तेव्हा तो बेत बाजूस पडला आणि १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर टिनारू धरणात बॅरामुंडीची, म्हणजे आपल्या जिताड्याचीच, पिले सोडण्यात आली. तेथे तो प्रचंड वाढतो. पण धरणात वीत नाही. किती पिले सोडावयाची हे दर वर्षी माणूसच ठरवितो, आणि चूक झालीच तर न सोडण्याने ती निस्तरता येते.

इतके विस्ताराने लिहिण्याचे कारण आमच्या घरचेच आहे. धाकटे भाऊजी गेली दोन वर्षे म्हणत आहेत की, जिताड्याची पिले आता खाडीत पूर्वीसारखी सापडत नाहीत, तेव्हा तळ्यात ते आफ्रिकी मांगूर सोडावे. घाण पाण्यातही वाढते, सहा महिन्यांत पैसे होतात. त्या मांगुरावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, मासा तो मासा. जिताडा काय कमी खादाड आहे?" माझे उत्तर वरच्या पानांत आले आहे. आषाढात आमचे तळे दर वर्षी काठोकाठ भरून वाहते, ते पाणी ओहोळाला मिळते आणि ओहोळ अंबा नदीच्या खाडीला. जिताडा त्या वाटेने गेला तर माहेरी जाईल. मांगूर गेले तर वाटेतल्या प्रत्येक डबक्यात बिऱ्हाड करील. सासूबाई आता नव्वदीच्या आहेत, त्यांनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "जेवून जाणारा पाहुणा परवडतो. जेवून वर घर मागणारा नको."

भाऊजींच्या म्हणण्यात पिलांच्या तुटवड्याची गोष्ट मात्र खरी आहे. खाडीकाठचे तिवर तुटले म्हणजे पिलांची शाळा मोडते. मोठा जिताडा जाळ्यात सापडला की बहुधा तो मादी असतो, म्हणजे येणाऱ्या पावसाळ्यांतली कोट्यवधी अंडी त्याच्याबरोबर तराजूत जातात. बांध फुटून खांड गेली की भातशेत खारे होते. म्हणून माणसे उघाडी कायमची बुजवून टाकतात, आणि पिलांचा रस्ता बंद होतो. प्रजननकेंद्रातील पिले आणता येतात, आणि यंदा आम्ही ती आणवणार आहोत. मक्तेदारांनी दोनशे सांगून ठेवली आहेत. पण त्या केंद्रांतसुद्धा अंडी समुद्राच्याच पाण्यात फुटतात, हे मी भाऊजींना दाखवून दिले. त्यावर ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन बांधावर गेले होते. आमच्या उघाडीची खालची फळी कुजून तिरकी बसली आहे. तिच्यामुळे भरतीचे पाणी आत शेतात शिरते आणि ओहोटीला नीट बाहेर जात नाही. सागवानाची फळी मृगाच्या आत मिळेल असे सुतार म्हणतो.